कासवाच्या दोन ओळी

साहेबांनी भिंतीवरच्या पडद्याकडे बोट दाखवून "हा कासव कोण?" असं विचारलं, तेव्हा खुद्द कासव त्यांच्या डाव्या हाताच्या तिसऱ्या खुर्चीत बसून चहात बिस्किट बुडवत होता. प्रश्न ऐकून त्याचा हात जागच्या जागी थांबला. बिस्किटाला असले प्रश्न पडत नाहीत, ते यथावकाश मऊ झालं आणि अर्धं कपाच्या तळाशी गेलं. उरलेलं अर्धं चिमटीत धरून तो पडद्याकडे बघत राहिला. हा कासव कोण, हे त्यालाही आत्ताच कळायला हवं आहे असा चेहरा त्याने केला होता.

ऑफिसात त्याला 'सावकाश' म्हणत. कुठलंही काम अंगावर आलं की "करू की, सावकाश" हे त्याचं ठरलेलं उत्तर. ते नाव इतकं चिकटलं होतं की साहेबही "अहो सावकाश" अशीच हाक मारत. रोज एकाला सावकाश म्हणून हाक मारायची आणि मग कासव कोण म्हणून पडद्याला विचारायचं, यावरून त्या ऑफिसातल्या तर्कशक्तीची कल्पना यावी. पण बिचारे तिथे लिफ्टचं सॉफ्टवेअर लिहायला बसले होते, कोडी सोडवायला नव्हे.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांची एक चांगली रीत असते. केलेला प्रत्येक बदल ते नोंदवून ठेवतात, कुणी केला, केव्हा केला, कुठल्या ओळीत केला. या सगळ्या साठ्याला रेपॉझिटरी म्हणतात आणि लाडाने रेपो. हा साठा उलगडून 'अमुक ओळ अमक्याची' असं सांगणारी 'मागोवा' नावाची एक लायब्ररी होती. लायब्ररी म्हणजे इथे पुस्तकांची नव्हे, कुणीही उचलून आपल्या कामात जोडावा असा तयार कोड. तीही फुकट आणि उघडी, कुणीही वाचावी, कुणीही वापरावी, कुणीही सुधारावी. देशोदेशीचे लोक ती वापरत आणि तिच्या कर्त्याला त्याच्या खात्यावरच्या चित्रामुळे कासव म्हणून ओळखत.

हा मागोवा सावकाशने रविवारच्या सकाळी जेवणाच्या टेबलावर बसून, कित्येक वर्षं खपून लिहिला होता. हे त्याच्या बायकोखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक होऊन चालणारही नव्हतं. नेमणूकपत्रात एक कलम होतं: नोकरीत असताना कर्मचाऱ्याने केलेली कोणतीही बौद्धिक निर्मिती कंपनीच्या मालकीची राहील. नेमणूकपत्रावर आधी सही करायची आणि मग ते वाचायचं, ही आपली मध्यमवर्गीय पद्धत. त्याने ते वाचलं तोवर मागोवा चांगला हातापायाने धडधाकट झाला होता. नोकरी गेली तर दुसरी बघता आली असती. पण मागोवा साहेबांच्या हातात गेला, तर ते दुसऱ्या दिवशी त्याला कुलूप लावून विकायला काढतील, याची त्याला खात्री होती. आयुष्यात धड अशी एकच गोष्ट त्याच्या हातून झाली होती आणि ती कुलपात जाणं त्याला सोसलं नसतं.

आता साहेब का खवळले होते ते. कुठल्याशा इमारतीत त्यांच्या सॉफ्टवेअरवर चालणारी एक लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आतल्या माणसांना काही झालं नाही, पण ग्राहक कंपनी म्हणाली, आमचे तपासनीस सोमवारी येतील, तुमच्या सॉफ्टवेअरची कुठली ओळ कुणी लिहिली त्याचा रिपोर्ट तयार ठेवा. रिपोर्ट मागोवाकडून काढला. तर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं सॉफ्टवेअर एकट्या साहेबांनी लिहिलंय असं निघालं, लिफ्ट अडकवणाऱ्या ओळीसकट.

"मी?" साहेब म्हणाले. "मी साहेब झाल्यापासून एक ओळ लिहिलेली नाही!"

ही गोष्ट सर्वांना मान्य होती. पण काही वर्षांपूर्वी एका निवांत दुपारी साहेबांना साफसफाईचा झटका आला होता आणि त्यांनी सगळ्या फायली उचलून एका नव्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवल्या होत्या. ज्याने फाइल हलवली त्यानेच ती लिहिली, अशी मागोवाची भोळी समजूत. ही उणीव कासवाला कुणीतरी मागेच कळवली होती. त्यावर त्याने 'करू' असं उत्तर दिलं होतं.

"अहो सावकाश, तुम्ही लिहा या कासवाला," साहेब गरजले. "कंपनीच्या नावाने, मागोवाच्या पानावर सगळ्यांना दिसेल असं. लिहा, आपली लायब्ररी सदोष आहे. सदोषच्या आधी अत्यंत घाला."

सावकाशने स्वतःला पत्र लिहिलं. 'अत्यंत'ही घातलं.

आता उत्तर द्यायचं कधी, हा पेच. लगेच दिलं तर संशय आणि उशिरा दिलं तर साहेब. शेवटी त्याने दुसऱ्या दिवशी घरून, आंघोळीच्या आधी उत्तर टाकलं, 'बघतो. सावकाश.' पाठवायच्या क्षणी शेवटचा शब्द नजरेला पडला आणि त्याला दरदरून घाम फुटला. तो शब्द खोडून त्याने नुसतंच 'बघतो' पाठवलं, आणि नंतरची सगळी आंघोळ त्याने छातीवर हात ठेवून केली.

"बघतो?" ऑफिसात साहेब ओरडले. "हा काय मंत्री लागून गेला? लिहा, असली तिसऱ्या दर्जाची लायब्ररी आम्ही उभ्या जन्मात पाहिली नाही."

हेही त्याने निमूटपणे टाइप केलं. पण गंमत अशी की ऑफिसात टाइप करताना जे शब्द साहेबांचे होते, तेच संध्याकाळी घरच्या टेबलावर वाचताना त्याला लागले. तिसरा दर्जा! रविवारमागून रविवार घालवले, लोकांकडे जाणं-येणं सोडलं, कशासाठी? त्याने बाह्या सरसावल्या आणि कासवाच्या वतीने उत्तर ठोकलं: धर्माच्या गाईचे दात मोजायचे नसतात, आणि मोजायचेच असतील तर आधी आपल्या तोंडात किती उरलेत ते पाहावं.

"माज बघा या माणसाचा!" दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले.

"जरा जास्तच बोललाय," सावकाश म्हणाला. मनात त्याला ते वाक्य चांगलं जमल्यासारखं वाटत होतं.

भांडण रंगलं. दिवसा तो साहेबांच्या बाजूने भांडे, संध्याकाळी स्वतःच्या. जगभरचे लोक मध्ये पडले आणि ते एकजात कासवाच्या बाजूचे. फुकट वापरून वर शिव्या देणारी ही कुठली कंपनी, असं कुणीतरी लिहिलं, त्याखाली शेकड्याने अंगठे उमटले. साहेब धोरणी होते. आपलं नाव जातंय असं दिसताच त्यांनी सूर बदलला आणि कासवाला गुपचूप, स्वतःच्या हाताने एक खासगी मेल पाठवली.

ती सावकाशने संध्याकाळी घरी उघडली. शेजारी बायको वह्या तपासत बसली होती. ती शाळेत पर्यवेक्षिका होती.

"'आदरणीय महोदय,'" त्याने वाचायला सुरुवात केली. "'झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे. उद्धट भाषा आमच्याकडे या कामावर जो माणूस आहे त्याची. तो स्वभावाने गरीब आहे, पण बुद्धीने बेताचा.'"

बायकोचा लाल पेन थांबला.

"'आपल्याशी फोनवर बोलण्याची इच्छा आहे. आपण त्याच्या जागी आमच्याकडे येण्याचा विचार केलात, तर त्याची व्यवस्था मी बघेन.'"

"थांबा," बायको म्हणाली. "म्हणजे तुम्हाला काढून तुमच्या जागी तुम्हालाच घेणार?"

"हो."

"मग घ्या की. बढतीच म्हणायची."

"अगं, विनोद सुचतोय तुला? बुद्धीने बेताचा म्हणालेत मला!"

"ते मी ऐकलं," ती म्हणाली. तिने पेनाचं टोपण लावलं आणि ते जरा जोरातच लावलं.

फोन टाळावा, तर साहेबांनी ऑफिसात जाहीर केलं होतं की कासव बोलला नाही तर त्याचा ठावठिकाणा शोधून काढायचा, आणि हे काम चाचणीबाईंकडे. चाचणीबाई सॉफ्टवेअरमधल्या चुका हुडकण्याचं काम करत. एकदा एका चुकीच्या मागे लागून त्या लग्नाच्या हॉलमधून थेट ऑफिसात आल्या होत्या, आणि लग्न त्यांचंच होतं असं म्हणतात. त्यांनी मनावर घेतलं असतं तर कासव दोन दिवसांत पाठीवर उलटा पडलेला सापडला असता.

कायदेशीर बाजू बघावी म्हणून सावकाशने समोरच्या फ्लॅटमधल्या वकीलकाकांना जिन्यात गाठलं. "माझा एक मित्र आहे," असं म्हणून त्याने सगळी हकिकत सांगितली.

"बौद्धिक निर्मिती, असा शब्द आहे ना?" वकीलकाकांनी डोळे मिटले. "मग ती बौद्धिक आहे हे आधी कंपनीला सिद्ध करावं लागेल. केलीय कुणी? तू, म्हणजे तुझ्या मित्राने. मग लढवता येईल. पण एक सांगतो, लेखी कबुली द्यायची नाही. आणि तोंडी तर अजिबात नाही, तोंडीला साक्षीदार असतात."

हा सल्ला वकीलकाकांनी इतका गुप्त ठेवला, की संध्याकाळी तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर त्याला लिफ्टपाशी म्हणाले, "तुमच्या त्या बुद्धीने बेताच्या मित्राचं काय झालं हो?"

शेवटी बायकोच म्हणाली, "मी बोलते. तुम्हाला साहेब आपल्या शेजारीच बसवून घेणार, म्हणजे तुम्हाला बोलता येणार नाही. सात वर्षं तुमची बडबड ऐकतेय, थोडं कानावर पडलंच असेल ना? पालकांच्या तक्रारींसाठी शाळेने दिलेला फोन आहे, तो नंबर द्या."

"आणि अडलीस तर?"

"तुम्ही तिथून गुपचूप लिहून पाठवा, मी वाचते. आणि एक लक्षात ठेवा. काहीही झालं, कुणीही काहीही विचारलं, तरी मी तुम्हाला ओळखत नाही. मेले तरी नाही."

ठरलेल्या वेळी साहेब, सावकाश आणि चाचणीबाई काचेच्या खोलीत टेबलाभोवती बसले. बैठकीचा वृत्तान्त टिपून घेण्याच्या निमित्ताने सावकाशने लॅपटॉप पुढे ओढला होता. साहेबांनी नंबर लावला आणि स्पीकर सुरू केला.

"नमस्कार, कासवसाहेब?"

"बाई," पलीकडून आवाज आला. "बोला."

त्या एका 'बोला'ने साहेब खुर्चीत ताठ झाले. कित्येक पिढ्यांचे बाप त्या आवाजापुढे ताठ झाले होते.

"बाई, आमच्या रिपोर्टचं जरा…"

"आधी मला सांगा, फायली हलवल्या कुणी?"

"मी."

"का?"

"पसारा झाला होता, म्हणून…"

"कुणाला विचारलं होतंत?"

"नाही बाई," साहेब म्हणाले आणि त्यांनी टेबलावरचे हात खाली घेतले.

पुढे प्रश्न तांत्रिक होऊ लागले. साहेब विचारत, सावकाशची बोटं कळफलकावर पळत, ती थांबली की पलीकडून उत्तर येई. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा चाचणीबाईंनी मान किंचित वळवून आधी त्याच्या बोटांकडे पाहिलं, मग फोनकडे, मग पुन्हा बोटांकडे. आणि नेमकं तेव्हाच साहेब म्हणाले, "अहो सावकाश, लॅपटॉप पडद्याला जोडा. तो रिपोर्ट समोर असू दे."

वायर खुपसायच्या आत त्याने बायकोला लिहून पाठवायची ती पडद्यावरची खिडकी कशी बंद केली हे त्याचं त्याला माहीत. पडद्यावर रिपोर्ट उमटला, पण आता बायको एकटी पडली होती.

"बाई, मुद्द्याचं विचारतो," साहेब पुढे झुकले. "फाइल नुसती हलवली, की कुणी नव्याने लिहिली, हे लायब्ररीला कळणार तरी कसं?"

फोनमधून लांबवर शाळेच्या मैदानातला गलका तेवढा ऐकू येत होता.

"तुमच्या घरात मूल आहे?" आवाज आला.

"आहे बाई, मुलगी."

"ती पाचवीतून सहावीत गेली, तेव्हा सहावीच्या बाईंनी तिला जन्म दिला असं तुम्ही म्हणालात का?"

"छे! असं कसं?"

"चेहऱ्यावरून ओळखलंत ना, की ही तीच? फायलींचंही तसंच. जुन्या वर्गातली फाइल आणि नव्या वर्गातली फाइल, चेहरे ताडून पाहायचे. बरेचसे जुळले तर ती तीच, फक्त वर्ग बदललाय. सोमवारच्या आत होईल. अजून काही?"

साहेब भारावून गेले. त्याहून भारावला सावकाश. सात वर्षांत हे इतकं सोपं करून त्याला कुणालाच सांगता आलं नव्हतं.

"अहो सावकाश, जरा चहाचं बघून या," साहेब म्हणाले. तो बाहेर गेला आणि काचेतून बघत उभा राहिला. साहेब हसत हसत काही सांगत होते. मग ऐकत होते. मग त्यांचं हसू गेलं. मग ते माना डोलावू लागले, खाली बघून, पुन्हा पुन्हा. बाहेर ऐकू काहीच येत नव्हतं.

"बाईंची तुमच्यावर मेहेरबानी झाली," साहेब बाहेर येऊन म्हणाले. "त्या माणसाला हात लावाल तर मी लायब्ररीला हात लावणार नाही, म्हणाल्या. का म्हणाल्या ते देव जाणे. नोकरी टिकली तुमची."

घरी बायकोने त्याला अभिमानाने सांगितलं, की मी तुमची बाजू घेतली. त्याला बरंही वाटलं आणि वाईटही. कासवाने रदबदली केली म्हणून सावकाशची नोकरी राहिली होती. स्वतःच्याच उपकाराखाली दबायची वेळ फार थोड्यांवर येते.

शनिवार-रविवार खपून त्याने चेहरे ताडून पाहण्याचं काम पुरं केलं आणि कासवाच्या नावाने प्रसिद्ध केलं. सोमवारी ऑफिसात नवा मागोवा लावला, रिपोर्ट काढायला सांगितला, आणि मागोवा तोंडावर आपटला. कारण साहेबांनी त्या फोल्डरला नाव दिलं होतं 'नवीन अंतिम खरंच अंतिम'. शब्दांच्या मधल्या मोकळ्या जागेपाशी मागोवा अडखळत होता. तो 'नवीन' नावाचं फोल्डर शोधी आणि ते कुठेच नसे.

"तपासनीस फाटकाशी आलेत!" साहेब त्याच्या मानेवर श्वास सोडत म्हणाले. "बाईंना फोन लावा!"

बाई सहावीच्या वर्गावर होत्या. "त्या पाठवतायत दुरुस्ती, आत्ता येईल," असं म्हणत सावकाशने तिथेच, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, साहेबांना पाठीने आडोसा करून दोन ओळी लिहिल्या आणि कासवाच्या खात्यात शिरून जगासाठी खुल्या केल्या. ऑफिसच्या यंत्रणेने त्या उचलल्या. रिपोर्ट सुरळीत बाहेर पडला. लिफ्ट अडकवणारी ओळ निघाली मागेच नोकरी सोडून मधमाश्या पाळायला गेलेल्या एका गृहस्थांची. त्यामुळे हजर असलेल्या सगळ्यांना बरं वाटलं. साहेबांच्या नावावर अख्ख्या सॉफ्टवेअरमध्ये एकच ओळ उरली, आणि त्या ओळीत 'इथे काहीतरी करायला हवं' एवढंच लिहिलेलं होतं.

सावकाश तोंडावर पाणी मारायला गेला आणि ओल्या चेहऱ्याने आरशासमोर तसाच थिजला. दोन ओळी. ऑफिसचा कॉम्प्युटर. बदल कुणी केला, ते नाव कॉम्प्युटर आपल्या मनाने नोंदवतो, आणि या कॉम्प्युटरवर नाव होतं त्याचं स्वतःचं. खातं कासवाचं, पण त्या दोन ओळींवर त्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. पुसावं, तर त्या ओळी एव्हाना कितीकांनी उतरवून घेतल्या असतील. आणि कुणी काय लिहिलं ते कधीही लपू नये, याच हट्टापायी तर त्याने मागोवा लिहिला होता.

तपासनीस घामाघूम होऊन वर आले. लिफ्टच्या तपासण्या करत आयुष्य गेल्यामुळे ते जिन्यानेच येत-जात. त्यांनी रिपोर्ट वाचला, मान डोलावली, आणि चष्मा पुसत म्हणाले, "रिपोर्ट ठीक. पण हा काढणारं हत्यार कितपत खरं? ते कुणी लिहिलंय? मागोवाला लावा की स्वतःचाच माग काढायला."

"लावा," साहेब म्हणाले.

सावकाशने लावला. न लावून सांगतो कुणाला! पडद्यावर ओळी सरकू लागल्या आणि प्रत्येकीसमोर तिचा धनी. कासव. कासव. कासव. तपासनीस ओठ हलवत वाचत होते. कासव. कासव. आता येईल, मग येईल. तेवढ्यात ते आलं.

"थांबवा," तपासनीस म्हणाले. "हे कोण?"

साहेबांनी ते नाव मोठ्याने वाचलं, वडिलांच्या नावासकट. साहेब सावकाशकडे वळले, त्यांचा चेहरा लाल होत गेला, आणि मग ते म्हणाले, "अरे वा!"

सावकाशला वाटलं, आपण बेशुद्ध पडतोय.

"अरे वा! बाईंनी तुमच्या दोन ओळी घेतल्या? जगात चालणाऱ्या लायब्ररीत आमच्या माणसाच्या दोन ओळी! बघा, तपासनीससाहेब!" आणि साहेबांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या. तपासनिसांनी उठून हात मिळवला आणि "दोन तर दोन, काही हरकत नाही" अशी समजूत घालून ते जिन्याने निघून गेले.

वाचला होता तो. नोकरी वाचली होती, मागोवा वाचला होता. त्याने गप्प बसून बिस्किट खायचं होतं, बस्स. पण साहेब थांबेनात. "माणूस बेताचा असला तरी मोठ्यांच्या सहवासात सुधारतो," ते सगळ्यांना सांगत होते. "अहो सावकाश, नियमाप्रमाणे या दोन ओळी कंपनीच्या, पण आपण त्या मोठ्या मनाने जगाला देऊ. आणि बाईंना एक आभारपत्र लिहा. नम्र लिहा. माझ्या क्षुद्र दोन ओळी आपण पदरात घेतल्यात, वगैरे."

क्षुद्र दोन ओळी. त्याच्या डोळ्यांसमोर ते सगळे रविवार उभे राहिले आणि छातीत काहीतरी भडकलं.

"बाकीच्याही माझ्याच आहेत," तो म्हणाला.

"काय?"

"सगळ्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी कासव आहे."

आधी साहेब हसले, मग सगळे हसले. "अहो, मी बोललोय ना त्यांच्याशी! बाई आहेत त्या!"

"ती माझी बायको होती!" तो ओरडला. त्या ऑफिसात तो प्रथमच ओरडत होता. "थांबा, दाखवतो." त्याने लॅपटॉप ओढला आणि कासवाचा पासवर्ड टाकला. चुकला. पुन्हा टाकला, चुकला. पुन्हा चुकला आणि खातं तासाभरासाठी बंद झालं. जन्मात पहिल्यांदा घाई केली, तिचं हे फळ.

साहेबांनी शांतपणे फोन काढला आणि स्पीकर लावला. "बाई, माफ करा हं. आमचे एक गृहस्थ म्हणतायत की तेच कासव आहेत, आणि तुम्ही त्यांच्या पत्नी आहात."

सावकाश फोनकडे बघत राहिला. हो म्हण, त्याने मनातल्या मनात विनवलं. अगं, हो म्हण.

"कोण गृहस्थ?" आवाज करडा होता. "मी असल्या कुणाला ओळखत नाही. आणि माझ्या यजमानांचं म्हणाल, तर साहेबांसमोर उभं राहून असं काही सांगायची त्यांच्यात धमक नाही. कामाच्या वेळेत पुन्हा असले फोन करू नका."

"महत्त्वाकांक्षा असावी माणसाला," साहेब फोन खिशात टाकत म्हणाले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर थोपटलं. "होईल, सावकाश होईल. ते आभारपत्र तेवढं आजच जाऊ द्या."

पाण्याच्या यंत्रापाशी चाचणीबाई त्याला भेटल्या. "मला त्या फोनच्या दिवशीच कळलं होतं," त्या पेला भरत हळूच म्हणाल्या. "मी कुणाला बोलणार नाही. फायली हलवण्याची ती उणीव मागे मीच कळवली होती. अजून दुसरीही एक कळवलीय. ती तेवढी लवकर करा."

संध्याकाळी त्याने दार उघडलं तेव्हा बायको वाटच बघत होती. चेहरा उजळलेला.

"अहो, काय झालं नक्की? पकडलं होतं ना त्यांनी तुम्हाला? फोन आल्यावरच ओळखलं मी. पण आवाज हलू दिला नाही मी. वाचवलं की नाही?"

"वाचवलंस," तो म्हणाला आणि बूट न काढताच खुर्चीत बसला.

"मग तोंड असं का?"

त्याने बुटाची नाडी सोडायला घेतली. "त्यांनी पकडलं नव्हतं गं. दोन ओळींसाठी टाळ्या वाजवल्या माझ्यासाठी. दोन! मला सहन झालं नाही. मीच उभा राहिलो आणि सांगितलं, सगळं माझं आहे म्हणून."

"तुम्ही?" ती खाली बसली. "आपणहून? सगळ्यांसमोर?"

"हो. ओरडून."

मग तिने कपाळावर हात मारला. तिचे डोळे भरून आले होते आणि आवाज मात्र शाळेतला लागला.

"मग सकाळी निघताना सांगायचं नाही का, की आज तुम्हाला पकडलं जायचंय!"